टोकाकडून दुसरी खिडकी

कासमभाई, ती खिडकी मी बंद केली. तुम्ही नाही.

एवढं एक वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली, आणि ते लिहिलं तेव्हा तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले होते. तुम्हाला त्यात नवीन काही कळलं नसतं म्हणा. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण आपल्या दोघांखेरीज ते साइटवर कोणालाच माहीत नव्हतं, आणि दोघांपैकी बोलायला हवं होतं ते मी. तुम्ही बोलला असतात तर तुमच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. मी बोललो असतो तर ठेवला असता. म्हणूनच मी बोललो नाही.

मी नकाशे काढणारा माणूस. कागदावर सुरुवातीपासून सांगितलं की माझ्या जिवाला जरा बरं वाटतं, म्हणून तसंच सांगतो.

अल ऐनमधलं ते घर आठवा. मालक तरुणपणी इंग्लंडात शिकले होते. तिथल्या खेड्यातलं कुठल्याशा जमीनदाराचं तीनशे वर्षांपूर्वीचं घर त्यांच्या मनात बसलं होतं, आणि तसंच्या तसं त्यांना इथे हवं होतं. त्या घराची इंचाइंचाने मापं घेऊन काढलेले नकाशे त्यांनी मिळवले आणि ते आमच्या शारजाच्या ऑफिसात माझ्या टेबलावर येऊन पडले. मधोमध दार, दारावर दगडी त्रिकोण, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर सारख्या खिडक्या. वर-खाली सरकणाऱ्या, बारा-बारा काचांच्या. छपरावर धुराड्यांच्या चिमण्या. आत मोठा जिना पाहुण्यांचा आणि भिंतीआड अरुंद जिना नोकरांचा, म्हणजे कोळशाची बादली घेऊन जाणारी बाई पाहुण्यांच्या नजरेस पडू नये.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा कमरेवर हात ठेवून छपराकडे बघत राहिलात.

"मोहितेसाहेब, ह्या चार चिमण्या कशाला ओ? आग कुठं पेटवनार? पन्नास डिग्रीत?"

"दोन एसीच्या हवेसाठी वापरतोय. दोन नुसत्या दिसायला."

"आनि खिडक्या?"

"खिडक्या उघडणार नाहीत. धूळ येते. सील केल्यात."

"वा! चिमणीत आग नाय, खिडकीत वारा नाय. इंग्रज बघेल तर रडेल."

तुम्ही जिप्समचे मिस्त्री. छताच्या कडेची नक्षी, तुम्ही तिला गलथा म्हणायचात आणि मी कॉर्निस, ती इथे बहुतेक ठिकाणी साच्यातून तयार येते आणि चिकटवली जाते. त्या घरात मालकांना ती जुन्या पद्धतीने हवी होती, आणि आमच्या कंपनीत ती जागेवर ओढणारा एकच माणूस होता. पत्र्यातून नक्षीचा उलटा आकार कापायचा, कानशीने घासून घासून गुळगुळीत करायचा, लाकडी पाटाला ठोकायचा. मग ओला जिप्सम टाकत टाकत तो फर्मा पट्टीवरून सरकवायचा, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. मध्ये थांबलं की तिथे कायमची रेघ. तुम्ही वडिलांकडून शिकला होतात, गावातल्या मशिदीच्या मेहराबीवर. फर्मा ओढताना तुम्ही श्वास रोखायचात आणि तुम्हाला बघणारे आम्हीही. टोकाला पोचलात की "या अल्ला" म्हणून श्वास सोडायचात आणि खालची सहा-सात माणसं एकदम श्वास सोडायची. असं काम करणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. भिंतीला बॅटरी चिकटवून, तिरका उजेड पाडून गिलाव्यातला खड्डा कसा शोधायचा ते तुम्ही मला शिकवलंत. अजून प्रत्येक साइटवर मी ते करतो आणि माझे वरिष्ठ मला बारकाईचा माणूस समजतात.

आता माझी चूक.

त्या जुन्या इंग्रजी घरात काही खिडक्या खोट्या होत्या. बाहेरून चौकट, काचा, सगळं इतरांसारखं; आतून सलग भिंत. कुठे मागून धुराडं जायचं, कुठे जिना, पण समोरून बघणाऱ्याला ओळ अखंड दिसली पाहिजे म्हणून तिथे खिडकीचं नुसतं रूप द्यायचं. वरच्या मजल्यावर डाव्या टोकाकडून दुसरी खिडकी अशी खोटी होती. उजव्या टोकाकडून दुसरी मात्र खरी होती, तिच्यामागे खोली होती.

मी काय केलं, तर घराच्या समोरच्या चित्राची डावी अर्धी बाजू काढली आणि कॉम्प्युटरवर एक कमांड देऊन ती उजवीकडे आरशासारखी उलटवली. सगळेच करतात. अर्धं काम वाचतं. पण खिडक्यांबरोबर त्यांच्या खुणाही उलटून आल्या, आणि खिडक्यांचा जो तक्ता मी बनवला त्यात दोन्ही बाजूंची ती खिडकी 'बंद' अशी गेली. समोरून काढलेल्या चित्रात खरी आणि खोटी खिडकी हुबेहूब सारखी दिसते, त्यामुळे कोणालाच काही कळलं नाही. कन्सल्टंटने शिक्का मारला. तक्त्यावरून चौकटींची ऑर्डर गेली. एक खरी चौकट कमी.

ते तुम्ही पकडलंत. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नकाशा माझ्यापेक्षा जास्त कळायचा. तुम्ही मला वर त्या खोलीत घेऊन गेलात. एका हातात मजल्याचा नकाशा, दुसऱ्यात तक्ता.

"ह्या कागदात खिडकी उघडी हाय. ह्या कागदात बंद. कोनचा खरा?"

मी दोन्ही कागद बघितले. बाजूला भिंत, मागे नोकरांचा जिना, वर स्लॅब. त्या खोलीला दुसरी खिडकी नव्हती.

"इथं कोन ऱ्हानार?" तुम्ही विचारलंत.

"मालकांच्या आईची देखभाल करणारी मुलगी."

"मंग तर झालाच. मानूस ऱ्हानार म्हंजे खिडकी पायजे. फॉर्म भरून देऊ काय? याकूबला सांगतो, तो इंग्लिशमदी लिवतो."

तुमचा धाकटा भाऊ याकूब तेव्हा त्याच साइटवर फोरमनचा कारकून होता. दोन कागद एकमेकांशी भांडत असतील तर साइटने लेखी विचारायचं, हा नियम तुम्हालाही माहीत होता आणि मलाही. त्यावर मी जे बोललो ते मला आजही शब्दशः आठवतं.

"फॉर्म कशाला, कासमभाई? मी आहे ना."

त्या क्षणी माझ्या मनात पाप नव्हतं, यावर विश्वास ठेवा. मी खरंच बघणार होतो. ऑफिसात परतलो, इंग्लंडचा मूळ नकाशा उलगडला, आणि उजवीकडची ती खिडकी उघडी दिसली. चूक तक्त्यात होती आणि तक्त्याखाली माझं नाव होतं. चौकट परदेशातून यायला तीन महिने. बाहेरच्या दगडात खोटी खिडकी बसून झालेली. मालक पुढच्या महिन्यात बघायला येणार होते. आणि माझ्या कॉन्ट्रॅक्टच्या नूतनीकरणाला दोन आठवडे राहिले होते. बायकोचा व्हिसा माझ्यावर, मुलीची शाळा त्या व्हिसावर. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या एका बेडरूमच्या घरात त्या आठवड्यात मी माझ्याच माणसांकडे ओलीस ठेवल्यासारखं बघत होतो. नोकरी गेली तर तीस दिवसांत सगळं आवरून निघायचं. कऱ्हाडला परत जाऊन काय सांगायचं? अशा विचारात माणूस फार लवकर हलकट होतो. मी झालो.

दोन दिवसांनी पुन्हा साइटवर आलो. तुम्ही म्हणालात, नोकरांच्या जिन्यात गिलावा फुगलाय, बघून घ्या. त्या जिन्याचं दार भिंतीतच दडवलेलं होतं, भिंतीची पट्टी आणि नक्षी त्याच्यावरून तशीच पुढे गेलेली, बंद झालं की दार आहे हे कळूच नये. आपण आत गेलो आणि ते मागून बंद झालं. आतल्या बाजूची मूठ अजून बसवलेली नव्हती.

तुम्ही ढकलून पाहिलंत. मी ढकलून पाहिलं. मोबाइलला रेंज नाही.

"बसा," तुम्ही पायरीवर बसत म्हणालात. "इंग्रजाच्या नोकरासारखा बसा."

पाऊण तास आपण त्या जिन्यात होतो. दुपारची वेळ, बाहेरची माणसं जेवायला गेलेली. हवा नव्हती. तुमच्या मोबाइलचा उजेड पायरीवर ठेवलेला, आणि तुमच्या दाढीतून घामाचे थेंब टपकताना मी बघत होतो. तिथे आपलं ते भांडण सुरू झालं, जे पुढे कधीच मिटलं नाही.

"मना सांगा," तुम्ही म्हणालात, "खोटी खिडकी बांधायचीच कशाला?"

"सिमेट्री, कासमभाई. घराचा चेहरा असतो. एक डोळा मिटलेला चेहरा कसा दिसेल?"

"कोनाला दिसेल?"

"समोरून येणाऱ्याला."

"तो येतो नि जातो. आतला मानूस ऱ्हातो."

"तीनशे वर्षं लोक त्या मूळ घराचं कौतुक करतायत. त्यांनी विचार करूनच बांधलं असेल ना?"

"मंग त्यांच्या कोळसेवालीला इचारला काय कोनी? तिला काय दिसायचा?"

मी म्हणालो, तिकडे एके काळी खिडक्यांवर कर होता, लोकांनी कर चुकवायला खऱ्या खिडक्यासुद्धा विटांनी बुजवल्या होत्या. तुम्ही खो खो हसलात. "म्हंजे उजेडावर जकात!" मग हसणं थांबवून तुम्ही माझ्याकडे सरळ बघितलंत.

"आता खरा सांगा. ती वरची खिडकी मुळात उघडी होती ना?"

दुसरं कोणी नव्हतं. दार बंद होतं. तिथे मी हो म्हणालो असतो तर ते शब्द त्या जिन्याबाहेर गेलेही नसते. तुम्ही काहीतरी वाट काढली असतीत, मिस्त्री लोक काढतात. मी म्हणालो, "तक्ता अप्रूव्ह झालाय. तक्त्याप्रमाणे करा. बंद करा."

तुम्ही दाढीवरचा घाम हाताने पुसलात. मग म्हणालात, "तुमी बोलताव तर करतो."

थोड्या वेळाने बाहेरून कोणीतरी ठोकलं. पेशावरचा पेंटर होता. "कौन है अंदर? जिन्न है क्या?"

"दो जिन्न हैं," तुम्ही ओरडलात, "एक ड्रॉइंगवाला, एक प्लास्टरवाला. यल्ला, खोल भाई."

दार उघडलं आणि तुम्ही हसत बाहेर पडलात. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज जितकी लाज वाटते तितकी खोटं बोलण्याचीही वाटत नाही.

तुम्ही ती खिडकी बंद केलीत, आणि नेहमीसारखीच मन लावून केलीत. ब्लॉक, जाळी, दोन हात गिलावा. तिरका उजेड पाडून मी शोधलं तरी तिथे कधी काही उघडं होतं असा माग लागला नाही.

घर सोपवून पाच महिने झाले तेव्हा मालकांच्या आईने ते शोधलं. ती मुलगी, इथिओपियाहून आलेली, तापाने पडली होती. म्हातारी तिला बघायला काठी टेकत वर गेली आणि भर दुपारी खोलीत दिवा बघून थांबली. दुपारी दिवा का? मुलीने सांगितलं, मॅडम, इथे विंडो नाही. म्हातारी खाली अंगणात गेली, बोटाने खिडक्या मोजल्या, पुन्हा वर आली. बाहेरून आहे, आतून नाही. मग तिने मुलाला फोन केला आणि मुलाने आमच्या कंपनीला.

मीटिंगमध्ये आपण टेबलाच्या दोन बाजूंना होतो. प्रोजेक्ट मॅनेजरने दोन्ही कागद समोर ठेवले. नकाशात उघडी, तक्त्यात बंद. तक्त्यातली चूक क्लेरिकल, म्हणाला, होतं असं. पण दोन कागद जुळत नसताना काम कोणी पुढे नेलं? साइटकडून लेखी क्वेरी आली होती का?

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. एखाद्याने 'आता तुमची पाळी' म्हणून बाजूला सरकावं, तसं.

मी म्हणालो, "नो सर. नथिंग इन रायटिंग."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच तो सुटला माझ्या तोंडातून. निखळ खोटं बोलायची मला हिंमत झाली नसती, आणि मी स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत आलो की मी खोटं बोललो नाही.

मॅनेजरने तुम्हाला हिंदीत विचारलं, आपने किसी से पूछा था? तुम्ही म्हणालात, "लिखके नहीं पूछा, साब." आणि खाली बघितलंत. तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत, कासमभाई? मी ते तुम्हाला कधी विचारलं नाही, कारण ते विचारायचं तर बाकीचं सगळं आधी बोलावं लागलं असतं.

बंद केलेली खिडकी तुमच्याकडूनच फोडून घेतली. चौकट आल्यावर तीन आठवडे तुम्ही त्या खोलीत एकटे होतात, आपलंच काम छिन्नीने उतरवत. शेवटच्या दिवशी तुम्ही मला फोन केलात. "येऊन बगा तरी." मी अल ऐनला दुसऱ्या कामाने आलोच होतो. वर आलो. तुम्ही खिडकीच्या कडांचा गिलावा नुसता सरळ न करता आतल्या बाजूला पसरत नेला होता, जुन्या घरांत असतो तसा, म्हणजे लहानशा खिडकीतूनही उजेड खोलीभर पसरतो. माझ्या नकाशात ते नव्हतं. खोली ओळखू येत नव्हती.

"आता कसा वाटतो?" तुम्ही विचारलंत.

"छान झालंय," मी म्हणालो.

त्या खोलीत आपण दोघंच होतो, खिडकीतून उजेड येत होता, आणि मी 'छान झालंय' म्हणालो.

पुढच्या आठवड्यात तुम्हाला खोर फक्कानला पाठवलं. बंदराजवळ गोदामांची ऑफिसं बांधत होते, तिथे जिप्समचे तयार बोर्ड छताला स्क्रूने मारायचं काम. तुम्ही फर्मा पुन्हा हातात घेतला नाहीत. मालकांच्या ओळखीत नंतर अशी दोन घरं निघाली, त्या दोन्हीकडे नक्षी साच्यातली चिकटवली, कारण 'तो खिडकी बुजवणारा मिस्त्री नको.' कामगारांच्या कॅम्पात तुमचं नावच पडलं, खिडकीवाले. "खिडकीवाले, चाय पियोगे?" "खिडकीवाले, दरवाजा तो खुला रखोगे ना?" याकूबने मला हे हसत सांगितलं होतं. भाई पन हसतो, म्हणाला. मीही फोनवर हसलो असेन.

मधली वर्षं कशी गेली ते सांगायचं तर, मला बढती मिळाली. मी दर सकाळी गाडी काढायचो, दर संध्याकाळी परतायचो, आणि कुठेही जिप्समची नक्षी दिसली की मान खाली जायची. हॉटेलात, मॉलमध्ये, मुलीच्या शाळेच्या सभागृहात. छत नाही अशी जागा या देशात कुठे आहे? एकदा अल ऐनच्या रस्त्यावरून जाताना मुलीला ते घर लांबून दाखवलं आणि का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. ती सोळा वर्षांची. कानातली वायर काढून तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, देन जस्ट टेल देम." इतकं सोपं. मी तिला व्हिसा, कॉन्ट्रॅक्ट, रेकॉर्ड असं काहीतरी सांगत राहिलो. "बट दॅट वॉज देन," ती म्हणाली आणि वायर परत कानात घातली. तिचं बरोबर होतं. आता मला कोणी काढून टाकणार नव्हतं. तरी मी त्या जिन्यातच बसून होतो.

गेल्या वर्षी मुद्दाम खोर फक्कानला आलो. तुम्हाला सांगितलं, साइट बघायला आलोय. बंदरासमोरच्या कॅफेटेरियात आपण घट्ट दुधाचा करक चहा घेतला. तुमचे गुडघे गेले होते, खुर्चीतून उठताना टेबलाला धरत होतात. समोर क्रेन जहाजांवरचे डबे उचलत होत्या. मी सगळं ठरवून आलो होतो, गाडीत दोनदा मोठ्याने बोलूनही पाहिलं होतं. म्हणालो, "कासमभाई, ते अल ऐनचं..."

तुम्ही हात वर केलात. "खलास. तुमची मजबुरी होती. पोरगी लहान होती तुमची."

आणि लगेच, "चाय थंड होतो, घ्या."

मला वाटलं, सुटलो. धक्क्यावरून गाडीकडे जाताना मला चक्क हलकं वाटलं. फुजैराच्या डोंगरातून परतताना, बोगद्यात, कळलं की मी माफी मागितलेलीच नाही. तुम्ही माफ करून टाकलंत म्हणून मला मागायची गरज उरली नाही, असं मी धरून चाललो. तुमचा मोठेपणा मी आडोशासारखा वापरला. तुम्ही मला मोकळं केलंत, पण तुमच्या नावावरची ती खिडकी तशीच राहिली. ती तुम्ही स्वतः पुसू शकत नव्हतात. ते माझं काम होतं. पुढच्या वेळी, म्हटलं. रमजाननंतर, म्हटलं.

याकूबचा फोन आला तेव्हा मी घरात बुटाची लेस बांधत होतो. "भाई गेला," तो म्हणाला. नाश्ता करता करता. हातात पाव होता.

तुम्हाला खोर फक्कानलाच दफन केलं, डोंगर आणि समुद्र यांच्या मधे. मी मागे उभा होतो, मला काय करायचं ते नीट कळत नव्हतं, तुमच्या गावच्या एका म्हाताऱ्याने माझ्या हातात तीन मुठी माती दिली आणि म्हणाला, "टाका, तुमी पन टाका." मी टाकली. नंतर सगळे कॅम्पात परतलो. जेवणाच्या खोलीत चटया घातल्या होत्या. तीस-पस्तीस माणसं असतील. तुमच्या गावची, बिहारची, पेशावरची, अल ऐनच्या साइटवरची बरीचशी. तो पेंटरही होता, दाढी पांढरी झालेली. काळा चहा फिरत होता. प्रत्येक जण तुमच्याबद्दल काहीतरी सांगत होता. कोणाला तुम्ही गिलावा शिकवला होता, कोणाच्या बापाच्या आजारपणात गावी निरोप पोचवले होते. पेंटरने जिन्नवाला किस्सा सांगितला आणि माणसं रडता रडता हसली. माझ्याकडे बघून म्हणाला, "ये साब भी अंदर थे." मी मान हलवली.

मग याकूब म्हणाला. कोणाला टोमणा म्हणून नाही, भावाच्या मायेनेच म्हणाला. "पस्तीस वर्सं भाईनी इथं काम केला. एक डाग नाय. फकस्त ती एक खिडकी. न इचारता बुजवली. अल्ला माफ करील त्याला."

दोघा-तिघांनी आमीन म्हटलं.

तुमच्या सख्ख्या भावालासुद्धा तुम्ही सांगितलं नव्हतंत, कासमभाई. ज्याला तुम्ही फॉर्म लिहायला लावणार होतात, त्यालाही नाही. माझं नाव तुम्ही तुमच्या घरातही घेतलं नाहीत. आणि आता तीस माणसं देवाकडे तुमच्यासाठी माफी मागत होती, माझ्या चुकीची.

मी म्हणालो, "याकूब, त्यांनी विचारलं होतं."

"काय?"

"विचारलं होतं त्यांनी. मला. ते फॉर्म देणार होते तुझ्याकडून लिहून. मी नको म्हटलं. चूक माझ्या तक्त्यात होती. मला ती कळली होती, तरी मी त्यांना बुजवा म्हणून सांगितलं. आणि मीटिंगमध्ये गप्प बसलो."

खोलीतल्या मराठी बोलणाऱ्यांचं बोलणं थांबलं. बाकीचे एकमेकांना विचारू लागले, क्या हुआ, क्या बोला साब ने. याकूब माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे तुमच्यासारखेच आहेत, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मना काय सांगताव?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आमच्या गावच्यांनी तर तुमच्या मराठीत ऐकला. त्याला खिडकीवाला कोन बोलायचे? हे सगळे. उभे ऱ्हा. हिंदीत बोला. सगळ्यांना कळू दे."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि उभा राहिलो. माझं हिंदी ऑफिसातलं, तुम्ही त्याची कायम थट्टा करायचात. जसं आलं तसं बोललो.

"भाई लोग, अल ऐन की वो खिड़की कासमभाई ने अपने मन से बंद नहीं की. उन्होंने मुझसे पूछा था. गलती मेरी थी, मुझे पता थी, और मैंने उनसे बंद करवाई. फिर सबके सामने मैं चुप रहा और नाम उनका ख़राब हुआ. सात साल चुप रहा. कासमभाई, मुझे माफ़ कर दीजिए."